रूझवेल्ट यांचं वाढतं प्रेशर

फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमधला मॅनोमीटर आपण सगळ्यांनीच पाहिलाय. पाऱ्याची पातळी वाचायची, जर्नलमध्ये लिहायची, सरांची सही घेतली की विषय संपला! पण एका माणसाच्या आयुष्याची शेवटची दहा वर्षं अशाच पाऱ्याच्या आकड्यांतून वाचता येतात. तो माणूस म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन डिलानो रूझवेल्ट.

३० जानेवारी १८८२ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क इथे एका श्रीमंत घरात त्यांचा जन्म झाला. शिक्षण, वकिली, राजकारण असं सगळं सुरळीत चाललं होतं. १९२१ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी त्यांना आजार झाला. निदान पोलिओचं झालं आणि दोन्ही पाय कायमचे लुळे पडले. दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. हे गृहस्थ पायांना लोखंडी पट्ट्या बांधून उभे राहिले, १९३२ ची निवडणूक जिंकले आणि पुढे आणखी तीनदा जिंकले. अमेरिकेत चार वेळा निवडून आलेले हे एकमेव अध्यक्ष. पायांचा आजार सगळ्यांना माहीत होता. दुसरा आजार मात्र कुणाला दिसत नव्हता.

१९३५ साली त्यांचं ब्लडप्रेशर १३६/७८ होतं, म्हणजे काळजीचं असं काही नाही. १९३७ मध्ये ते १६२/९८ झालं आणि १९४१ मध्ये १८८/१०५. त्यांचे खासगी डॉक्टर ॲडमिरल रॉस मॅकिंटायर हे मुळात कान-नाक-घशाचे तज्ज्ञ. पण सगळा दोष त्यांना देऊन चालणार नाही. नळ्या कडक झाल्या की रक्त पुढे ढकलायला जास्त प्रेशर लागणारच, ते शरीराला गरजेचंच आहे, असं तेव्हा बरेच डॉक्टर मानत. आपण म्हणतो ना, पाइप जुना झालाय तर पंप जरा जोरात चालू दे, तसंच!

पण पंपाचं काय? हेड वाढवत नेलं तर मोटर कधीतरी तापणारच. मार्च १९४४ मध्ये रूझवेल्ट फार थकले, धाप लागू लागली. बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात हॉवर्ड ब्रून या तरुण हृदयतज्ज्ञाने त्यांना तपासलं. प्रेशर १८६/१०८, हृदय मोठं झालेलं आणि फुप्फुसात पाणी साचू लागलेलं. हार्ट फेल्युअर! दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं, नॉर्मंडीचा हल्ला सव्वादोन महिन्यांवर आला होता आणि तो ज्यांच्या संमतीने व्हायचा त्यांचा पंप बंद पडायच्या बेतात होता.

ब्रून यांच्या हातात काय होतं? डिजिटॅलिस हे फॉक्सग्लोव्ह नावाच्या झाडाच्या पानांपासून केलेलं औषध. हृदयाच्या पेशीतून सोडियम बाहेर टाकणारा एक पंप असतो, त्याला हे औषध आवर घालतं. त्यामुळे पेशीत कॅल्शियम साठतं आणि प्रत्येक ठोका जोरकस पडतो. त्याशिवाय मीठ कमी, सिगारेटी कमी, वजन कमी आणि विश्रांती. दोन आठवड्यांत धाप गेली, फुप्फुसं मोकळी झाली. पंप सुधारला, पण प्रेशर उतरेना. कारण डिजिटॅलिस प्रेशरचं औषधच नव्हे.

आता आपल्या भाषेत बोलू. प्रेशर म्हणजे फ्लो गुणिले रेझिस्टन्स. ते उतरवायचं तर फ्लो कमी करा किंवा पाइप रुंद करा. पॉइझुलचा नियम आठवा: त्रिज्या नुसती १० टक्के वाढली तर रेझिस्टन्स एक तृतीयांशाने उतरतो. आजच्या गोळ्या हेच करतात. थायझाइड मूत्रपिंडाला मीठ परत शोषू देत नाही, मिठामागे पाणीही जातं, सिस्टिममधला द्रव कमी होतो. बीटा ब्लॉकर ॲड्रिनलिनचा निरोप हृदयापर्यंत पोचू देत नाही, मग ठोके मंदावतात. ॲम्लोडिपिन रक्तवाहिनीच्या स्नायूत शिरणारं कॅल्शियम अडवतं, त्यामुळे स्नायू सैल पडून नळी रुंदावते. नळ्या आवळणारं अँजिओटेन्सिन २ नावाचं रसायन शरीरात तयार होतं, ते बनणंच एसीई इनहिबिटर कमी करतात.

यातली एकही गोळी १९४४ मध्ये नव्हती. गंमत म्हणजे आपल्याकडे कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेच्या मुळीने प्रेशर उतरतं हे १९३१ मध्येच छापलं होतं. पण जगाचं लक्ष गेलं ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिल्यावर. तोवर उशीर झाला होता.

बाहेर मात्र अध्यक्षांची तब्येत उत्तम असल्याचं सांगितलं जात होतं. खुद्द रूझवेल्टही आपल्याला काय झालंय हे ब्रून यांना विचारत नसत. नोव्हेंबर १९४४ मध्ये ते चौथ्यांदा निवडून आले आणि त्याच महिन्यात एकदा प्रेशर २६०/१५० भरलं. फेब्रुवारी १९४५ मध्ये हा माणूस तशा अवस्थेत याल्टाला जाऊन चर्चिल आणि स्टालिन यांच्यासमोर बसला. तिथल्या फोटोत त्यांचा ओढलेला चेहरा बघवत नाही.

१२ एप्रिल १९४५. जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्जमध्ये एक चित्रकर्ती त्यांचं चित्र काढत होती. एकाएकी डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर कळ आली आणि शुद्ध हरपली. प्रेशर ३०० च्या वर, खालचा आकडा १९०. पाऱ्याचे ३०० मिलिमीटर म्हणजे चार मीटर उंच पाण्याच्या टाकीचा दाब, तोही मेंदूतल्या नाजूक नळ्यांवर! नळी फुटली. दुपारी साडेतीनच्या सुमारास सगळं संपलं. वय अवघं ६३. युद्ध जिंकलेलं पाहायला ते महिनाभरही जास्त जगले नाहीत.

१९४८ मध्ये अमेरिकेने हृदयरोगाच्या संशोधनासाठी कायदा केला आणि त्याच वर्षी फ्रॅमिंगहॅम गावात हजारो लोकांची वर्षानुवर्षं तपासणी सुरू झाली. वाढलेलं प्रेशर गरजेचं नसतं, घातक असतं, हे तिथल्या आकड्यांनी पक्कं केलं. १९५८ मध्ये थायझाइडची पहिली गोळी बाजारात आली. रूझवेल्ट यांच्या मृत्यूनंतर फक्त तेरा वर्षांनी.

आज तीच गोळी गावातल्या मेडिकलमध्ये मिळते. आणि तरीही आपल्याच घरातलं कुणीतरी, मला काही होत नाही, मग गोळी कशाला, म्हणून ती आपल्या मनाने बंद करतं. रूझवेल्ट यांनाही कित्येक वर्षं काही होत नव्हतं! फरक एवढाच, की त्यांच्या डॉक्टरांना आकडा दिसत होता आणि हाती औषध नव्हतं. आपल्याकडे औषध आहे, आकडाच कुणी बघत नाही. तेव्हा सुट्टीत घरी जाल तेव्हा आई-बाबांचं प्रेशर एकदा मोजून घ्या. मॅनोमीटर वाचता येतो ना आपल्याला?