लक्ष्मीबाईंच्या हातचे

डिसेंबर अर्धा सरला की आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, छावणीकडच्या काही घरांवर कागदी चांदण्या लागतात. आत स्वयंपाकघरात कढई चढलेली असते. नव्याने कुणी या घरी गेले तर केक पुढे येईल अशी त्याची कल्पना असते. केक असतोही, पण ताटात मोठी जागा करंज्यांची, शंकरपाळ्यांची, चकल्यांची आणि रव्याच्या लाडवांची. दिवाळीचा फराळ दोन महिन्यांनी पुन्हा भेटला असे वाटावे.

यात नवल नाही. मराठवाड्यातली आणि नगरकडची ख्रिस्ती कुटुंबे इथल्याच मातीतली. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल नावाचे गाव वसवले, तेव्हा तिथे राहायला आलेली माणसे याच मुलखातली होती. उपासना बदलली, तरी पुरणाचे पीठ तेच राहिले. पण त्या ताटातले पदार्थ ओळखीचे असणे आणि ते ताट शेजाऱ्याने आनंदाने खाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. या दोहोंमधले अंतर एका बाईने आपल्या आयुष्यात पायी तोडले. नाताळच्या तोंडावर मला दरवर्षी त्यांची आठवण होते. त्या म्हणजे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. आईच्या वडिलांना १८५७च्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिले. त्या धक्क्याने वडिलांच्या मनाने सोवळ्याचा असा ध्यास घेतला की घरात बाहेरून येणारी वस्तू पाण्याशिवाय शुद्ध होईना. विटाळाच्या भीतीत सारे घर सदैव ओलेचिंब. कुणाचा हात कशाला लागला, हा त्या घरातला पहिला प्रश्न. लहान मनूने अन्नाची पहिली ओळख करून घेतली ती अशी, भीतीच्या वाटेने.

वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, १८८०च्या सुमारास, त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक कवी, कीर्तनकार, उदार आणि तितकेच तापट. पैसा हातात टिकायचा नाही. माझी उभी हयात बँकेत गेली, म्हणून सांगतो, असा खातेदार कोणत्याही शाखाधिकाऱ्याची झोप उडवील! हातात आलेले दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा आणि घरी काय शिजणार याची फिकीर नसणारा. ती फिकीर बायकोच्या वाट्याला.

पुढे नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. चार वर्षांच्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांच्या आसऱ्याला राहिल्या. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही, अशी ती अवस्था. काही वर्षे अशी गेली. त्या काळात त्यांना वेड लागायचेच बाकी होते.

अखेर त्या नवऱ्याकडे निघाल्या, पण जात बरोबर घेऊन. नगरला त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. एका संसारात दोन स्वयंपाक. आज आपल्याला हसू येईल, पण त्या बाईच्या जागी उभे राहून पाहा. ज्या मुलीला अन्नाचा स्पर्श हाच धर्म म्हणून शिकवले, तिच्यासाठी परक्या हातचा घोट म्हणजे कड्यावरून उडी. कुणी जबरदस्ती केली नाही. टिळकांनीही वाट पाहिली. हळूहळू त्यांच्याच मनात प्रश्न उभा राहिला की माणसे देवाने केली असतील, तर जाती कुणी केल्या? उत्तर मिळाल्यावर त्यांनी मागे पाहिले नाही. जातीचे बंधन आधी गळाले, बाप्तिस्मा नंतर, १९०० साली झाला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. देवळाचा उंबरठा ओलांडण्याआधी त्यांनी स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडला होता.

ते छप्पनच्या दुष्काळाचे दिवस होते. राहुरीला टिळकांच्या घरी अनाथ पोरे येऊन राहिली. पुढेही नगरच्या त्यांच्या घरात परक्या मुलांचा राबता कधी थांबला नाही. बालकवी ठोंबरे याच घरात लाडाने राहिले. ज्या बाईने वेगळी चूल मांडली होती, तीच आता कोणत्या पोराची कोणती जात हे न पाहता पंगती वाढत होती. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगाचा आणि कीर्तनाचा पोशाख चढवला, शंभरावर भक्तिगीते मराठी मंडळ्यांना दिली. त्यांचे नाव त्यासाठी होते, आणि व्हायलाच हवे. पण ती गीते म्हणणाऱ्यांना जेवायला कोण घालत होते?

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्यानंतर लक्ष्मीबाईंनी मुंबईत वसतिगृहातल्या मुली सांभाळल्या, मुलाच्या संसाराबरोबर कराचीही पाहिली. टिळकांनी अर्धवट सोडलेल्या 'ख्रिस्तायना'त ६४ अध्यायांची भर घातली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईचे हे काम. दत्तूला, म्हणजे देवदत्त टिळकांना, वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी आईने आठवणी सांगाव्यात असा त्याचा हट्ट. आई आठवू लागली, आणि नवऱ्याचे चरित्र लिहिता लिहिता मराठीतले एक थोर आत्मचरित्र होऊन गेले. १९३४ पासून ते भागाभागाने छापून आले आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंनी डोळे मिटले. त्या पुस्तकात त्या स्वतःला जितक्या हसतात, तितक्या दुसऱ्या कुणाला हसत नाहीत.

आता पुन्हा ताटाकडे येतो. नोकरीत मी काही वर्षे जालन्याला होतो. बँकेत दिवाळीला लाडू यायचे, ईदला शीरखुर्म्याची बरणी यायची आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात करंज्यांचा डबा. मी गंमत पाहायचो. डबा उघडला की कुणाला अचानक उपास आठवे, कुणाचे पोट बिघडलेले निघे, कुणी करंजी कागदात गुंडाळून मुलांसाठी म्हणून खिशात टाकी आणि ती संध्याकाळी शिपायाच्या हाती जाई. दुकानातला केक मात्र हेच लोक आवडीने खात. म्हणजे अडचण सणाची नव्हती, हाताची होती. बेकरीच्या पदार्थाला हात नसतो असे आपण समजतो. घरच्या करंजीवर मुरड घालणाऱ्या बोटांचा ठसा असतो.

म्हणूनच घरी केलेल्या भेटीचे मोल मला विकतच्या भेटीहून मोठे वाटते. ती देणारा आपला हात पुढे करतो आणि घेणारा तो धरतो किंवा धरत नाही. गोव्यात नाताळला नेवऱ्या होतात. त्या म्हणजे आपल्या करंज्याच. तिकडे शेजारच्या हिंदू घरी ताट पोहोचवायचा रिवाज आहे. मंगळुरी मंडळी या साऱ्या फराळाला कुस्वार म्हणतात. आपला 'नाताळ' हा शब्दही पोर्तुगीजांकडून येऊन मराठीत कायमचा राहिला. शब्द आपण केव्हाच घरात घेतला, ताटाला मात्र पुष्कळ दिवस ओसरीवर थांबवले.

यंदा मुलांना सुट्टी लागली की दोन गोष्टी घरी करून पाहा. पहिली म्हणजे कुलकुल. मैद्यात थोडा रवा, मीठ आणि तुपाचे कडकडीत मोहन घालून नारळाच्या दुधात घट्ट भिजवायचे. तासाभराने सुपारीएवढी गोळी घेऊन काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या, स्वच्छ कंगव्यावर दाबून चपटी करायची आणि गुंडाळून सोडायची. शंखासारखी नक्षी उठते. मंद आचेवर तळून साखरेच्या पक्क्या पाकात घोळवली की झाले. हे काम एकट्याचे नाही. एकाने गोळ्या कराव्यात, दोघांनी वळाव्यात, आजीने कढईपाशी बसावे.

दुसरी गोष्ट चांदणीची. बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्या. पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या दोऱ्याने बांधा. एकीवर दुसरी ठेवून पाचही टोके एकत्र बांधा आणि मधल्या पाच सांध्यांत बोटभर लांबीच्या पाच काड्या अडकवा. चांदणी फुगून उभी राहते. वर खळीने पतंगाचा कागद चिकटवायचा, एक बाजू दिव्यासाठी उघडी ठेवायची. ज्याला आकाशकंदील जमतो त्याला हे अवघड नाही.

आणि शेजारून ताट आले, तर उपास आठवू नये. मुलांना समोर बसवून खायला द्यावे, करंजीत सारण भरपूर असेल तर तसे आवर्जून सांगून यावे. आपल्याकडे आलेले भांडे रिकामे परत करत नाहीत. त्यात साखर घालून पाठवले तरी चालते. पण त्यापेक्षा घरात केलेले काही असेल, तिळाची वडी, डिंकाचा लाडू, तर ते घालावे. लक्ष्मीबाईंना या एवढ्याशा देवाणघेवाणीसाठी अर्धे आयुष्य झगडावे लागले. आपल्याला फक्त शेजारचे दार वाजवायचे आहे.