विश्लेषण : हातात जीपीएस असताना स्काऊटने दोन काड्यांत चूल का पेटवायची? बेडन-पॉवेल यांनी शिबिराचा आराखडा कसा आखला?

हिवाळी शिबिरांचे दिवस आले की शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद हमखास रंगतो. मुलांना मोबाइल न्यायला परवानगी द्यायची की नाही? दोरीच्या गाठी, माग काढणे, शेकोटी या जुन्या गोष्टींवर वेळ घालवायचा, की नकाशाचे ॲप आणि हेडलॅम्प वापरायला शिकवायचे? दोन्ही बाजूंचे लोक स्काऊट चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचा दाखला देतात. पण या माणसाने प्रत्यक्षात काय केले होते?

चोरून पेटवलेली चूल

बेडन-पॉवेल यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ चा, लंडनमधला. वडील ऑक्सफर्डमध्ये भूमितीचे प्राध्यापक. मुलगा तीन वर्षांचा असतानाच ते वारले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आई हेन्रिएटा यांच्यावर आला. चार्टरहाऊस ही त्यांची शाळा १८७२ मध्ये लंडनहून गोडाल्मिंगला हलली. तिथे शाळेला लागूनच झाडी होती आणि तिथे जायला मुलांना मनाई होती. रॉबर्ट तिथे लपून जायचा, ससे पकडायचा आणि शिजवून खायचा. शिक्षकांना धूर दिसू नये म्हणून वाळक्या काटक्यांचा, धूर न होणारा जाळ कसा करायचा हे तो तिथेच शिकला. पुढे लाखो मुलांना शिकवलेल्या कौशल्याची सुरुवात शाळेचा नियम मोडून झाली होती!

भारतात काय शिकले?

१८७६ मध्ये सैन्याच्या प्रवेश परीक्षेत वरचा क्रमांक मिळवून ते १३ व्या हुसार्स या घोडदळात दाखल झाले आणि थेट लखनौला आले. इथे त्यांनी रानडुकराच्या शिकारीत नाव कमावले आणि १८८३ मध्ये त्या खेळातला मानाचा कादिर चषक जिंकला. शत्रूच्या मुलखाची टेहळणी कशी करायची, हे सैनिकांना शिकवण्याची पद्धतही त्यांनी इथेच बसवायला घेतली. लहान तुकड्या करायच्या आणि प्रत्येक तुकडीवर जबाबदारी टाकायची, ही त्यातली मुख्य कल्पना. आज शाळेच्या स्काऊट पथकात ‘संघ’ आणि ‘संघनायक’ असतात, ते याच कल्पनेतून.

१८९६ मध्ये आजच्या झिम्बाब्वेतील माटाबेले मोहिमेत त्यांची गाठ फ्रेडरिक बर्नहॅम या अमेरिकन टेहळ्याशी पडली. माटोबोच्या डोंगरांत बर्नहॅमकडून त्यांनी माग काढण्याच्या आणि रानात तग धरण्याच्या युक्त्या घेतल्या. याच मोहिमेत उविनी या स्थानिक प्रमुखाला त्यांनी लष्करी न्यायालय बसवून गोळ्या घालायला लावल्या आणि त्यावरून त्यांची चौकशीही झाली. चौकशीत ते सुटले, पण हा प्रसंग गौरवपर चरित्रांत सहसा सापडत नाही.

मॅफेकिंग : सायकलवरची पोरे

बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेतील मॅफेकिंग या गावाला वेढा पडला, तो ऑक्टोबर १८९९ ते मे १९०० असा २१७ दिवस चालला. आत बेडन-पॉवेल यांच्याकडे सैन्य तोकडे होते. मग त्यांनी खोटे सुरुंग पेरल्याचा देखावा केला. नसलेल्या काटेरी तारा ओलांडल्यासारखे पाय उचलून चालायला सैनिकांना लावले, म्हणजे दुरून पाहणाऱ्या शत्रूला तारा आहेत असे वाटावे.

गावातल्या मुलांचे एक पथक निरोप पोहोचवण्याच्या कामाला लावले होते. ही मुले आधी गाढवांवर आणि नंतर सायकलींवर फिरू लागली. सायकल हे त्या काळचे ताजे यंत्र होते. मुलांवर विश्वास टाकला तर ती मोठ्यांचे काम करतात, हे बेडन-पॉवेल यांच्या मनात इथे पक्के झाले. त्याच वेळी वेढ्यातील आफ्रिकी रहिवाशांच्या वाट्याला गोऱ्यांपेक्षा कितीतरी कमी अन्न आले. त्याबद्दल इतिहासकार त्यांना आजही जबाबदार धरतात.

पहिले शिबिर कसे आखले होते?

इंग्लंडला परतल्यावर सैनिकांसाठी लिहिलेले आपले टेहळणीचे पुस्तक मुले वाचताहेत, हे त्यांच्या लक्षात आले. मग १ ऑगस्ट १९०७ पासून आठवडाभर, पूल बंदराजवळच्या ब्राऊनसी बेटावर त्यांनी प्रयोग केला. जेमतेम वीस मुले. काही महागड्या खासगी शाळांतली, काही कामगारांच्या घरातली. लांडगा, बैल, कर्ल्यू पक्षी आणि डोमकावळा या नावांचे चार संघ. उठवायला आफ्रिकेतून आणलेले कुडू हरणाचे शिंग फुंकायचे.

नियोजनाच्या दृष्टीने हे शिबिर आजही अभ्यासण्यासारखे आहे. प्रत्येक दिवसाला एक विषय होता : एक दिवस चटई विणणे, गाठी, चूल आणि स्वयंपाक, एक निरीक्षणाचा, एक रानविद्येचा, एक जीव वाचवण्याचा. आदल्या रात्री शेकोटीभोवती त्या विषयाची गोष्ट सांगायची, सकाळी करून पाहायचे आणि दुपारी त्यावरच खेळ लावायचा. जेवणानंतर सक्तीची विश्रांती. रोज रात्री एक संघ पीठ, मांस, बटाटे आणि काडेपेटी घेऊन तळापासून दूर मुक्कामाला जायचा आणि पहारा द्यायचा. व्याख्यानाला जवळपास जागाच नव्हती. (आपल्याकडच्या बहुतेक शिबिरांत उद्घाटनाची भाषणेच सकाळ खाऊन टाकतात.)

मग पारंपरिक की आधुनिक?

१९०८ च्या जानेवारीपासून ‘स्काऊटिंग फॉर बॉइज’ पंधरवड्याच्या अंतराने सहा भागांत आले. त्यातली दुसऱ्या श्रेणीची कसोटी पाहिली तर हा वादच बाजूला पडतो. जास्तीत जास्त दोन काड्यांत चूल पेटवायची. एक मैल १२ मिनिटांत, ठरावीक चालीने, धावत-चालत गाठायचा. सेमाफोर किंवा मोर्सची मुळाक्षरे यायला हवीत. होकायंत्राच्या १६ दिशा ठाऊक हव्यात. आणि बचत बँकेत निदान सहा पेन्स!

म्हणजे चकमक घासण्याचा हट्ट नव्हता. काडेपेटी, तारायंत्राची लिपी, होकायंत्र, बँक ही सगळी तेव्हाची चालू साधने होती. अट एवढीच की साधन मोजके मिळेल. माणसाला वर उचलणारे पतंग बनवणारा आणि विमानविद्येत रमलेला धाकटा भाऊ घरातच असलेल्या माणसाला यंत्रांचे वावडे असण्याचे कारण नव्हते.

मात्र त्या काळची युक्ती जशीच्या तशी उचलणेही चूकच. घड्याळाचा तासकाटा सूर्याकडे धरून, तो काटा आणि १२ चा आकडा यांच्या मधली दिशा दक्षिण मानायची, ही प्रसिद्ध रीत इंग्लंडमध्ये चालते. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि उत्तर चक्क दक्षिण ठरू शकते. शिवाय आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो साधारण साडेबाराच्या पुढे. डिसेंबरात ही रीत बऱ्यापैकी लागू पडते. रात्री मृग नक्षत्रावरून ध्रुव शोधायची त्यांची पद्धत मात्र सह्याद्रीतही उपयोगाची आहे. ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर असतो, त्यामुळे समोर डोंगर असला की तो लपतो, इतकेच.

जीपीएसला नेटवर्क लागत नाही, पण आधी उतरवून न ठेवलेल्या नकाशाला लागते, आणि बॅटरी तर लागतेच. त्यामुळे आधी कागदी नकाशा आणि होकायंत्राने जागा ठरवायची आणि मग फोनवर ताडून किती मीटर चुकलो ते पाहायचे, असा खेळ लावला तर दोन्ही शिकून होते. किपलिंगच्या ‘किम’ कादंबरीवरून घेतलेला निरीक्षणाचा खेळही असाच खेळता येईल. तबकातल्या वीस-पंचवीस वस्तू मिनिटभर पाहून आठवायच्या आणि तपासणीला मोबाइलवर काढलेला फोटो.

भारतात आणि शेवटी

१९१० मध्ये त्यांनी सैन्य सोडले आणि बहीण ॲग्नेस यांच्यासह मुलींसाठी गाईड चळवळ सुरू केली. १९१२ मध्ये ओलेव्ह सोम्स यांच्याशी लग्न झाले. भारतात १९०९ मध्ये आलेले स्काऊटिंग सुरुवातीला गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतेच होते, म्हणून ॲनी बेझंट आणि मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांनी भारतीय मुलांसाठी वेगळ्या संघटना उभ्या केल्या. १९३७ च्या भारतभेटीनंतर बेडन-पॉवेल यांनी भारतीयांच्या चारित्र्याबद्दल केलेल्या शेऱ्यांनी संताप उसळला आणि पुढच्याच वर्षी हिंदुस्थान स्काऊट संघटना निघाली. हे सगळे प्रवाह ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्समध्ये एकत्र आले. आपल्या शाळांतली ‘खरी कमाई’ त्याच चळवळीतली.

अखेरची वर्षे त्यांनी केनियातील न्येरी इथे काढली. ८ जानेवारी १९४१ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या थडग्यावर एक वर्तुळ आणि मधोमध ठिपका कोरला आहे. मार्गचिन्हांत त्या खुणेचा अर्थ आहे : मी घरी गेलो.