कर्नाळ्याच्या पायथ्याचा सुपुत्र : आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके

पनवेलहून कोकणाकडे जाणाऱ्या भाविकांना महामार्गाच्या कडेस अंगठ्यासारखा आकाशात घुसलेला एक काळा सुळका दुरूनच दिसू लागतो. तोच कर्नाळा किल्ला होय. देवगिरीच्या यादवांच्या काळापासून नांदता असलेला हा दुर्ग बोरघाटातून बंदराकडे उतरणाऱ्या व्यापारी मार्गावरील पहारेकरी होता. निजामशाही, गुजरातचे सुलतान व पोर्तुगीज या सर्वांनी त्यासाठी झुंजी घेतल्या. छत्रपती शिवाजी महाराजांनी इ. स. १६७० मध्ये तो मोगलांकडून पुन्हा स्वराज्यात आणला. आज दरवाजे, तटाचे भग्न अवशेष आणि सुळक्याच्या पोटात खोदलेली पाण्याची टाकी एवढेच शिल्लक आहे. आकाश निरभ्र असल्यास माथ्यावरून पश्चिमेस मुंबई बंदरापर्यंतचा समुद्र दृष्टीस पडतो.

पेशवाईच्या अखेरीस या गडाचे किल्लेदार होते अनंतराव फडके. इ. स. १८१८ मध्ये कर्नल प्रोथर याच्या फौजेपुढे कर्नाळा पडला आणि फडके घराण्याची किल्लेदारी संपली. गडाच्या सावलीतील शिरढोण या गावी घराणे मात्र राहिले. तेथेच ४ नोव्हेंबर १८४५ रोजी बळवंतराव व सरस्वतीबाई यांच्या पोटी अनंतरावांचा नातू वासुदेव जन्मास आला. आजोबांचा गड अंगणातून दिसत असे, पण त्यावर निशाण परक्यांचे, अशा वातावरणात हे बाळ वाढले.

कल्याण व मुंबई येथे थोडेफार इंग्रजी शिक्षण घेऊन वासुदेवांनी काही काळ रेल्वेत चाकरी केली. पुढे पुण्यास लष्करी हिशेब खात्यात ते कारकून झाले. किल्लेदाराचा नातू ज्यांनी गड घेतला त्यांच्याच फौजेचे जमाखर्च लिहू लागला. ही नोकरी त्यांनी सुमारे पंधरा वर्षे चोख केली, हे विसरता कामा नये, कारण त्यांच्या बंडाचे मूळ याच कचेरीत आहे. शिरढोणास मातोश्री अत्यवस्थ असल्याचे कळताच त्यांनी रजेचा अर्ज केला. मंजुरीस विलंब झाला व अंत्यदर्शन चुकले. पुढल्या वर्षी श्राद्धासाठीही रजा नाकारण्यात आली, असे चरित्रकार सांगतात. पुत्राच्या हातून मातेचे अखेरचे कर्तव्य राहून जावे, याचे शल्य किती खोल असते हे भाविकांस वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

तथापि केवळ घरच्या दुःखाने कोणी राज्य उलथविण्यास निघत नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या व्याख्यानांतून इंग्रजी राजवटीत देश कसा निर्धन होत आहे, हे त्यांना उमगले होते. वामन प्रभाकर भावे व लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासह त्यांनी पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन ही शाळा उभारण्यात भाग घेतला. आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी ती हीच. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत ते शस्त्रविद्या शिकले. पत्नी गोपिकाबाई यांनाही त्यांनी अक्षरओळखीबरोबर घोड्यावर बसणे व शस्त्र चालविणे शिकविले. त्या काळी ही गोष्ट नवलाचीच होय. स्वभावाने ते निस्सीम दत्तभक्त होते. इ. स. १८७६ च्या भीषण दुष्काळात गावोगाव फिरून अन्नावाचून तडफडणारी रयत त्यांनी पाहिली आणि त्यांचा निश्चय झाला.

सुशिक्षितांकडून व सावकारांकडून त्यांना साहाय्य मिळाले नाही. मिळाले ते रामोशी, कोळी, धनगर अशा समाजांकडून. फेब्रुवारी १८७९ मध्ये पुण्याजवळील लोणी येथे मोजक्या साथीदारांसह त्यांनी बंडाचा प्रारंभ केला व धामारी गावावर पहिला छापा घातला. हाती लागले अवघे चारशेच्या आसपास रुपये आणि कपाळी दरोडेखोर हा शिक्का बसला. पैका गोळा करून सैन्य उभारावे, तारा तोडाव्यात, तुरुंग फोडावेत, असा त्यांचा बेत होता, पण पुष्कळ साथीदारांचे लक्ष लुटीवरच राहिले. ही खंत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

अशा विषण्ण मनःस्थितीत ते श्रीशैल येथे मल्लिकार्जुनाच्या चरणी गेले व तेथे त्यांनी आपले आत्मवृत्त लिहिले. दैवाचा खेळ असा की, देवाच्या सान्निध्यात लिहिलेले तेच कागद पुढे खटल्यात त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरले.

मे १८७९ मध्ये त्यांचे सरदार दौलतराव नाईक यांनी कोकणात उतरून पळस्पे व चिखली ही गावे लुटली. पळस्पे हे शिरढोणपासून अगदी जवळ, म्हणजे वासुदेवांच्या स्वतःच्या मुलखात. लुटले गेलेले लोक शेजारचेच होते. क्रांतीच्या या वाटेतील अवघड भाग तो हाच, आणि त्यावर पांघरूण घालणे योग्य होणार नाही. परतीच्या वाटेवर मेजर डॅनियलच्या तुकडीने गाठून दौलतरावांस ठार केले आणि बंडाचा कणा मोडला. सरकारने वासुदेवांच्या शिरावर इनाम लाविले, तेव्हा त्यांनी उलट मुंबईचे गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्याच शिरावर इनाम जाहीर केले. पुढे निजामाच्या मुलखात नवे सैन्य जमविण्याच्या खटपटीत असता जुलै १८७९ मध्ये देवरनावडगी येथे ज्वराने थकून निद्रिस्त असताना ते पकडले गेले.

पुण्यातील खटल्यात सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी व महादेव चिमणाजी आपटे यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. सरकारी रोषाच्या त्या दिवसांत हे धैर्याचेच काम होते. जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. जानेवारी १८८० मध्ये त्यांना एडनला नेण्यात आले. कर्नाळ्याच्या माथ्यावरून जो समुद्र दिसतो, त्याच समुद्रावरून ते जहाज पश्चिमेस गेले. एडनच्या तुरुंगातून ते एकदा कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून निसटले, परंतु अनोळखी वाळवंटी प्रदेशात लवकरच पुन्हा सापडले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी तेथेच त्यांनी देह ठेविला. गोपिकाबाई त्यांच्यामागे दीर्घकाळ हयात होत्या.

भारत सरकारने इ. स. १९८४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. पनवेलच्या नाट्यगृहासही त्यांचेच नाव आहे. शिरढोण येथील त्यांचे जन्मस्थान व स्मारक मुंबई-गोवा महामार्गालगत असून पनवेलपासून अंतर थोडे आहे. तेथून पुढे कर्नाळा पक्षी अभयारण्याच्या प्रवेशद्वारातून किल्ल्याची पायवाट निघते. वाटेत श्री कर्णाई देवीचे स्थान लागते. चढ दमविणारा असल्याने भाविकांनी सकाळी लवकर निघावे व पिण्याचे पाणी सोबत ठेवावे. सुळक्याच्या कपारींत आग्या माशांची पोळी असतात, तेथे उदबत्ती पेटवू नये, धूर करू नये व मोठ्याने जयघोषही करू नये.