इंग्लंडचे धर्मदूत संत ऑगस्टीन व त्यांचे मार्गदर्शक



धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे त्याचा पाया घालणारांची आठवण होते. परंतु पाया कसा घालावा हें त्यांस कोणीं शिकविलें, ह्याचा विचार आपण क्वचितच करितों. नवी ख्रिस्तसभा स्थापावयास निघालेल्या मनुष्यास उत्साहाइतकीच अनुभवी मार्गदर्शकाचीहि गरज असते. इंग्लंडचे धर्मदूत संत ऑगस्टीन ह्यांच्या चरित्रांत ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. संत मोनिका ह्यांचे पुत्र, हिप्पोचे बिशप ऑगस्टीन ते हे नव्हत. ते ह्यांच्या दीडशेंहून अधिक वर्षें आधीं होऊन गेले.

आपले ऑगस्टीन हे रोम शहरांतील सीलियन टेंकडीवरच्या संत अंद्रेयाच्या मठाचे उपमठाधिपति होते. हा मठ संत ग्रेगरी ह्यांनीं आपल्या वडिलोपार्जित वाड्यांत स्थापिलेला. ग्रेगरी प्रथम रोमचे नगराधिकारी होते. पुढें सर्व सोडून मठवासी झाले. नंतर पोपांचे वकील म्हणून कांहीं वर्षें कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारीं राहिले, आणि ५९० सालीं स्वतः पोपपदावर आरूढ झाले. इंग्लंडांत सुवार्ता नेण्याची त्यांची स्वतःची इच्छा होती, परंतु रोमच्या लोकांनीं त्यांस जाऊं दिलें नाहीं, असें इतिहासकार बीड लिहितो. जें काम आपल्या हातून झालें नाहीं तें त्यांनीं आपल्याच मठांतील शिष्याच्या हातीं सोंपविलें.

५९६ सालीं ऑगस्टीन कांहीं मठवासी सोबत घेऊन निघाले. हल्लींच्या फ्रान्सच्या दक्षिण भागांत ते पोहोंचले, तोंच त्यांचें धैर्य खचलें. पुढें उग्र व अविश्वासी लोक. त्यांची भाषाहि येत नाहीं. अशा ठिकाणीं जाण्यापेक्षां घरीं परतावें हें बरें, असें सर्वांस वाटलें, व त्यांनीं ऑगस्टीन ह्यांस परवानगी मागण्यास रोमला पाठविलें.

ग्रेगरी ह्यांनीं शिष्यास झिडकारलें नाहीं, आणि परतण्याची परवानगीहि दिली नाहीं. त्यांनीं ऑगस्टीन ह्यांस मठाधिपति नेमून सर्वांनीं त्यांची आज्ञा पाळावी असें ठरविलें. मंडळींस धीराचें पत्र लिहिलें. वाटेवरच्या बिशपांस व फ्रँक राजघराण्यास पत्रें लिहून मदत मागितली. भाषेच्या अडचणीकरितां फ्रँक लोकांतील दुभाषे घेण्यास सांगितलें. नुसता उपदेश करून ते थांबले नाहींत. जी भीति शिष्यांस वाटत होती तिचीं कारणें दूर करण्याची त्यांनीं तजवीज केली. अनुभवी मनुष्याची खूण हीच.

५९७ सालीं सुमारें ४० जणांची ही मंडळी केंट राज्यांतील थॅनेट बेटावर उतरली. तेथील राजा एथेलबर्ट हा मूर्तिपूजक होता. परक्यांनीं जादूटोणा करूं नये म्हणून घरांत न भेटतां तो त्यांस उघड्यावर भेटला. परंतु त्याची राणी बर्था ही ख्रिस्ती फ्रँक राजकन्या होती, आणि कँटरबरी शहराबाहेरच्या संत मार्टिनच्या देवळांत ती प्रार्थना करीत असे. राजानें पाहुण्यांस राहावयास जागा, अन्न व उपदेशाची मोकळीक दिली, आणि पुढें स्वतः बाप्तिस्मा घेतला. ऑगस्टीन बिशप झाले. त्याच वर्षाच्या नाताळांत १०,००० हून अधिक लोकांचा बाप्तिस्मा झाला, असें ग्रेगरी ह्यांच्या एका पत्रांत नमूद आहे.

परंतु लोक आले म्हणजे प्रश्नहि येतात. ऑगस्टीन ह्यांनीं लॉरेन्स व पीटर ह्या दोन सोबत्यांस प्रश्नांची यादी देऊन रोमला धाडिलें. लोकांच्या अर्पणांचे भाग कसे करावे? रोमचा व फ्रँक देशाचा मिस्साविधि भिन्न, तर आपण कोणता चालवावा? देवळांत चोरी करणारास शिक्षा काय? गर्भवती स्त्रीस बाप्तिस्मा द्यावा काय? जवळ दुसरे बिशप नसतां एकट्यानें नव्या बिशपास अभिषेक करावा काय? हजारोंस बाप्तिस्मा देणाऱ्या बिशपास असले प्रश्न विचारण्यांत कमीपणा वाटला नाहीं, हें ध्यानांत घ्यावें.

६०१ सालीं उत्तरें आलीं. अर्पणांचे चार भाग करण्याची रोमची चाल आहे: बिशप व त्यांचे पाहुणे, धर्मगुरु, गरीब व देवळांची डागडुजी, परंतु ऑगस्टीन मठवासी, म्हणून त्यांनीं आपल्या धर्मगुरूंसह सर्व कांहीं सामाईक ठेवावें. विधि रोमचा असो वा दुसरीकडचा, जें उत्तम असेल तें निवडून नव्या ख्रिस्तसभेस द्यावें. चोरानें गरजेपोटीं चोरी केली कीं लोभानें, हें पाहावें. शिक्षा प्रेमानें करावी, आणि चोरलेल्याहून अधिक वसूल करून देवळानें नफा घेऊं नये. गर्भवती स्त्रीस बाप्तिस्मा नाकारण्याचें कांहींच कारण नाहीं.

ह्याच वर्षीं ग्रेगरी ह्यांनीं मेलिटस, जस्टस, पॉलिनस वगैरे नवे मदतनीस पाठविले. जून महिन्यांत त्यांनीं एथेलबर्ट राजास मूर्तींचीं देवळें पाडण्याविषयीं लिहिलें होतें. पुढें पुष्कळ विचार करून त्यांनीं वाटेवर असलेल्या मेलिटसकडे निराळा निरोप धाडिला: मूर्ति नष्ट कराव्या, पण देवळें चांगलीं असतील तर पाडूं नयेत, तीर्थ शिंपडून तेथेंच वेदी उभारावी, लोकांच्या जुन्या जेवणावळी देवाच्या नांवानें सणांच्या दिवशीं चालूं द्याव्या, कारण उंच चढणारा पायरीपायरीनें चढतो. खरा मार्गदर्शक आपलें मत फिरविण्यासहि लाजत नाहीं. ऑगस्टीन ह्यांच्या हातून चमत्कार घडतात हें ऐकून त्यांनीं त्यांस गर्वापासून सावध राहण्याचाहि इशारा दिला.

हा इशारा व्यर्थ नव्हता. ब्रिटनच्या पश्चिमेस जुन्या ख्रिस्ती ब्रिटन लोकांचे बिशप होते. ईस्टरचा दिवस व बाप्तिस्म्याचा विधि ह्यांविषयीं त्यांची चाल निराळी होती. बीडच्या लिहिण्याप्रमाणें, ऑगस्टीन ह्यांस भेटण्यापूर्वीं त्यांनींहि एका एकांतवासी साधूचा सल्ला घेतला. आम्ही जवळ जातांच ते उठून उभे राहिले तर ते नम्र होत, त्यांचें ऐकावें, असें त्यानें सांगितलें. ऑगस्टीन आसनावरून उठले नाहींत. समेट झाला नाहीं. लहानशा एका कृतीनें केवढी हानि होते! गुरु पत्रांतून पुष्कळ शिकवितो. पण ऐन वेळीं उठून उभें राहणें शिष्याच्याच हातीं असतें.

ग्रेगरी १२ मार्च ६०४ रोजीं प्रभूकडे गेले, व त्यानंतर लवकरच एका २६ मे रोजीं ऑगस्टीन ह्यांनीं देह ठेविला. तत्पूर्वीं त्यांनीं मेलिटस ह्यांस लंडनचे व जस्टस ह्यांस रॉचेस्टरचे बिशप केलें, आणि आपल्या जागीं लॉरेन्स ह्यांस आपल्या हयातींतच अभिषेक दिला. ६१६ सालीं एथेलबर्ट वारल्यावर छळाचें वादळ उठलें. मेलिटस व जस्टस फ्रँक देशीं निघून गेले. तरी लॉरेन्स टिकले, नवा राजाहि ख्रिस्ताकडे वळला, व ख्रिस्तसभा उभी राहिली. संत मार्टिनच्या देवळांत आजहि उपासना होते. २७ मे हा ऑगस्टीन ह्यांचा सण.

बंधुभगिनींनो, महोत्सवानंतर आपणांपैकीं कोणी नवी वस्ती, नवें मंडळ किंवा नवें देऊळ उभारावयास निघेल. त्यानें प्रथम एखाद्या अनुभवी मनुष्याचें दार ठोठवावें व आपले प्रश्न मोकळेपणानें विचारावे. आणि ज्यांच्या गांठीं अनुभव आहे, त्यांनीं भ्यालेल्यास परत न पाठवितां त्याची वाट सोपी करावी. संत ग्रेगरी व संत ऑगस्टीन ह्यांच्या विनंतीनें प्रभु आपल्या धर्मग्रामास असे गुरु व असे शिष्य सदैव देवो.