नांगर चांगला होता, पण गिऱ्हाईक मिळेना. लक्ष्मणराव किर्लोस्करांची ती दोन वर्षं

सध्या गावोगावची तरुण पोरं धंद्याच्या मागं लागली आहेत. चांगली गोष्ट आहे. कर्जाच्या प्रकल्प अहवालात बाजारपेठेचा एक रकाना असतो. त्यात बहुतेक जण भरपूर मागणी आहे असं लिहून मोकळे होतात. मीपण मागं हळद पॉलिशच्या यंत्रासाठी कागद केले तेव्हा तेच लिहिलं होतं. गावात कुणाला हळद पॉलिश करून पाहिजे आणि त्याचे किती पैसे द्यायची तयारी आहे, हे एकालाही विचारलं नव्हतं. नशीब, तो अर्ज पुढं गेलाच नाही.

अशा वेळी लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. एवढा हुशार माणूस, पण त्यांच्या पहिल्या लोखंडी नांगराला दोन वर्षं गिऱ्हाईक मिळालं नव्हतं.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या पुस्तकांत मन रमायचं नाही. चित्रं आणि यंत्रं मात्र जीव की प्राण. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कला शाळेत गेले. दोनेक वर्षांत कळलं की काही रंग नीट ओळखू येत नाहीत, म्हणजे चित्रकार व्हायचं संपलं. मग यंत्रांची रेखाटनं शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये मास्तर झाले. तिथं बढती त्यांची होती, ती दुसऱ्याला, एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली. त्यांनी राजीनामा टाकला.

त्याच्या आधीपासून भाऊ रामूअण्णांबरोबर बेळगावात सायकलींचं दुकान चालू होतं. मुंबईत सायकली घ्यायच्या आणि बेळगावला पाठवायच्या, ते विकायचे आणि चालवायलाही शिकवायचे. त्या काळात सायकल म्हणजे आजच्या चारचाकीसारखी मोठ्या माणसाची वस्तू. असा गिऱ्हाईक विकत घ्यायचं आधीच ठरवून दुकानात येतो. शेतकऱ्याचं तसं नसतं, हे पुढं कळलं.

बेळगावात त्यांनी छोटा कारखाना काढला. कडबा कापायचं यंत्र केलं, मग परदेशी नांगर बघून लोखंडी नांगर केला. नांगर कामाला उत्तम होता. लाकडी नांगर माती नुसती फाडत जातो. लोखंडी नांगर तास उलटा करतो, त्यामुळं हरळी आणि कुंद्याची मुळं वर येऊन उन्हात मरतात. काळ्या रानात कुंदा ज्यानं बघितलाय त्याला याची किंमत सांगायला नको.

तरी घेईना कुणी. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, रान नापीक होतं, असं लोक म्हणत. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली.

आता आपण याला अडाणीपणा म्हणून हसतो. मला एक शेतकरी म्हणून ते पटत नाही. विषाची भीती खरी असेलही, पण तिच्या मागं सरळ हिशेब असणार असं वाटतं. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार दुरुस्त करायचा, फाळाचं काम लोहार बघायचा, आणि दोघांचंही बलुतं सुगीत धान्यावर भागायचं. लोखंडी नांगराला रोख पैसा लागणार. ऐन पेरणीत तो मोडला तर सुटा भाग कुठून आणायचा? एवढ्या पैशाची जोखीम घेतली आणि रान बिघडलं तर वर्षभर खायचं काय? असले प्रश्न शेतकरी दुकानदाराच्या तोंडावर बोलत नाही. बघू पुढच्या साली, म्हणतो आणि निघून जातो. त्याच्या बांधावर जाऊन बसल्याशिवाय ते कळत नाही. शेजाऱ्याच्या रानात पीक उभं राहिलेलं बघितलं की मात्र त्याला फारसं सांगावं लागत नाही.

नांगर खपायला लागले न लागले तोवर दुसरं संकट आलं. बेळगाव नगरपालिकेनं कारखान्याची जागा खाली करायला लावली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्याआधी लक्ष्मणरावांना औंधला एका बांधकामासाठी बोलावलं होतं. त्या ओळखीवर त्यांनी १० हजार रुपये बिनव्याजी दिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला. निवडुंग, दगड आणि साप, एवढंच होतं तिथं. १९१० च्या मार्चमध्ये त्या माळावर किर्लोस्करवाडी सुरू झाली. आज ती सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात आहे.

माणसंही कशी गोळा केली बघा. के. के. कुलकर्णी परीक्षेत नापास झालेले, ते गावोगाव फिरणारे विक्रेते झाले. अनंतराव फळणीकरांची शाळा अर्ध्यात सुटलेली, ते इंजिनिअर झाले. शिक्षा भोगून आलेले तुकाराम रामोशी कारखान्याचे राखणदार झाले.

पुढं वाडीत जे जे तयार झालं त्याची यादी बघितली तर शेतकऱ्याचं वर्ष डोळ्यापुढं येतं. नांगर, वैरण कापायचं यंत्र, उसाचा चरक, शेंगा फोडायचं यंत्र, विहिरीवरचे पंप. कृष्णाकाठच्या माणसाला ज्या कामात हात आणि बैल कमी पडत होते, नेमकी तीच कामं. १९२० मध्ये पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे मासिक काढलं. कारखान्याची बातमी लोकांपर्यंत जावी म्हणून ते निघालं आणि पुढं मराठीतलं नावाजलेलं मासिक झालं.

१९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या दंगलीत कारखाना जाळला गेला. तोही पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. कुंडल रोड स्टेशनचं नाव आता किर्लोस्करवाडी आहे.

आमच्या गोठ्यामागं आजोबांच्या काळचा एक लोखंडी नांगर अजून पडून आहे. भंगारवाला दरवर्षी विचारतो, वडील देत नाहीत.