लंडनमध्ये रूम शोधताना गांधीजींनी अर्ध्या तासाचा हिशोब लावला होता

परदेशात शिकायला निघालेल्या पोरांच्या ग्रुपवर एक प्रश्न कायम फिरत असतो. रूम कुठल्या एरियात बघू? कॉलेजजवळ घ्यावी तर भाडं झेपत नाही, लांब घ्यावी तर प्रवासात पैसे जातात. जेवणाचे हाल ते वेगळेच.

१८८८ साली बॅरिस्टर व्हायला लंडनला गेलेल्या एका पोराचंही हेच दुखणं होतं. नाव मोहनदास करमचंद गांधी. वय अजून एकोणीसही पूर्ण नव्हतं, घरी बायको आणि तान्हं बाळ.

४ सप्टेंबरला मुंबईतून बोट सुटली, पण त्याआधी मोठं रामायण झालं होतं. समुद्र ओलांडतो म्हणून मुंबईतल्या मोढ वाणी जातीने पंचायत भरवून त्यांना वाळीत टाकलं. मदत करणाऱ्याला किंवा निरोप द्यायला जाणाऱ्याला सव्वा रुपया दंड. मांस, दारू आणि परस्त्रीला शिवणार नाही अशी शपथ आईने घ्यायला लावली होती, आणि पैसे पुरवणार होते राजकोटचे थोरले भाऊ.

लंडनमध्ये उतरले ते थेट महागड्या व्हिक्टोरिया हॉटेलात. बिल झालं ३ पौंड, आणि एवढे मोजूनही पोट रिकामंच. मग बोटीवरच्या ओळखीतून खोली मिळाली. तिथे डॉ. प्राणजीवन मेहता आले. खोली आणि सामान बघून त्यांनी नापसंती दाखवली. त्यांचं म्हणणं असं, की इथे यायचं ते नुसत्या पुस्तकासाठी नाही, इंग्रजांची राहणी बघायला. त्यासाठी इंग्रज कुटुंबातच राहिलं पाहिजे.

महिनाभर रिचमंडला एका मित्राकडे उमेदवारी झाली. मग मेहता आणि त्या मित्राने मिळून घर शोधलं, वेस्ट केन्सिंग्टनमध्ये. घरमालकीण विधवा, तिच्या दोन मुली. एरिया सभ्य, माणसं चांगली. अडचण फक्त ताटात होती. मांस नाही म्हटल्यावर उरायचं काय, तर बेचव उकडलेल्या भाज्या आणि पाव. आणखी पाव मागायची लाज वाटायची. मुली आग्रहाने एखादा तुकडा जास्त वाढायच्या, पण भूक तेवढ्याने कुठे भागते!

म्हणून पोरगं पायी फिरायला लागलं. रोज दहा-बारा मैल, म्हणजे सोळा-एकोणीस किलोमीटर, शाकाहारी खाणावळ शोधत. एक दिवस फॅरिंग्डन स्ट्रीटवर सेंट्रल रेस्टॉरंट सापडलं. इंग्लंडमध्ये आल्यापासून पहिल्यांदा तिथे ते पोटभर जेवले. ज्या इनर टेम्पलमध्ये त्यांनी बॅरिस्टरीसाठी नाव घातलं होतं, ते तिथून पायी दहा-पंधरा मिनिटांवर. म्हणजे राहायचं एका टोकाला, शिक्षण आणि जेवण दुसऱ्या टोकाला.

शपथ अशी वाचली, पैसे मात्र वाचत नव्हते. मध्ये जेंटलमन व्हायची हौस आली. १९ शिलिंगची टोपी, १० पौंडांचा सूट, ३ पौंडांचं व्हायोलिन, वर नाचाचा क्लास. तीनेक महिन्यांत हा ताप उतरला. गांधीजी पै-पैचा हिशोब लिहायचे, आणि त्या वहीनेच दाखवून दिलं की गळती घरातच आहे. कुटुंबात राहायचं तर भाडं दर आठवड्याला ठरलेलं. शिवाय शिष्टाचार म्हणून घरच्यांना अधूनमधून बाहेर जेवायला न्यायचं, बसचं भाडं भरायचं. आणि तुम्ही बाहेर जेवलात म्हणून घरचे पैसे कमी होत नाहीत. आजच्या पीजीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग त्यांनी स्वतःचा हिशोब लावला. खोली भाड्याने घ्यायची ती कामाच्या ठिकाणापासून पायी अर्ध्या तासाच्या आत. काम बदललं की खोली बदलायची. बसचे पैसे वाचले, चालणं झालं, नवनवे भाग बघून झाले. खर्च निम्म्यावर आला. रोज आठ-दहा मैल चालल्यामुळे आपण तिथे आजारी पडलो नाही, असं ते मानायचे.

तरी दोन खोल्या होत्याच. पुढे आठवड्याला २ शिलिंगच्या खोलीत राहून शिकणारा एक गरीब विद्यार्थी त्यांना माहीत झाला, आणि त्यांनीही एकच खोली घेतली, आठवड्याला ८ शिलिंगची. एक स्टोव्ह आणला. सकाळी ओटची लापशी आणि कोको, दुपारी बाहेर, रात्री पाव आणि कोको. खाण्याचा खर्च रोज सव्वा शिलिंग. म्हणजे खोली आणि जेवण धरून आठवड्याला १७ शिलिंगच्या आत, आणि पौंडाला शिलिंग २०.

गंमत अशी, की त्यांच्या आठवणीची निळी पाटी लागली ती मात्र वेस्ट केन्सिंग्टनच्या घरावर, जिथे राहणं त्यांना परवडत नव्हतं.

या बिऱ्हाडबदलाचा एक तोटाही झाला. बेजवॉटर भागात राहताना त्यांनी शाकाहाराचा क्लब काढला. शेजारी राहणारे 'लाइट ऑफ एशिया'चे कवी एडविन अर्नोल्ड उपाध्यक्ष, डॉ. ओल्डफिल्ड अध्यक्ष, चिटणीस स्वतः. संस्था चालवायचा हा त्यांचा पहिलाच अनुभव. पण नेहमीप्रमाणे त्यांनी एरिया बदलला आणि काही महिन्यांत क्लब बंद पडला.

१० जून १८९१ ला ते बॅरिस्टर झाले, १२ जूनला बोटीत बसले. पुढे दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांनी लंडनला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांसाठी एक गाइड लिहायला घेतलं. आठवड्याला १ पौंडात कसं राहायचं, याचा त्यात खर्चासकट हिशोब होता. ते गाइड त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही.