फ्रिसियनांचा राजा राडबोड

धर्मवीरांचीं चरित्रें आमच्या वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील; ह्या ज्युबिली अंकांत आम्ही मुद्दाम त्यांच्या एका प्रतिपक्ष्याचें चरित्र देत आहों. आजच्या नेदरलँड्स देशाच्या समुद्रकांठीं फ्रिसियन नांवाचे दर्यावर्दी लोक राहात. त्यांचा राजा आल्डगिस्ल ह्यानें ६७८ सालीं संत विल्फ्रिड ह्यांस आश्रय देऊन उपदेशाची मोकळीक दिली. त्याच्यामागून आलेला राडबोड मात्र जन्मभर बाप्तिस्म्यावांचून राहिला.

कारण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. फ्रँकांचा सत्ताधीश पेपिन ह्यानें त्याचा कांहीं मुलूख जिंकून घेतला, आणि त्याच मुलखांत ६९० सालीं संत विलिब्रॉर्ड पेपिनच्या आश्रयानें उपदेश करूं लागले. क्रूस आणि शत्रूची तरवार एकाच वाटेनें आलीं. राजानें तीं निराळीं कशीं ओळखावीं?

तरी तो निव्वळ क्रूर नव्हता. फोसिते देवाच्या बेटावर विलिब्रॉर्डांनीं पवित्र झऱ्यांत तिघांस बाप्तिस्मा दिला व देवाचीं गुरें मारविलीं. राजानें तीन दिवस चिठ्ठ्या टाकविल्या. त्यांचा एक सोबती रक्तसाक्षी झाला. विलिब्रॉर्डांस मात्र त्यानें मानानें पेपिनकडे परत पाठविलें.

७१४ सालीं पेपिन वारला. राडबोडनें मुलूख परत घेतला, देवळें मोडलीं, आणि ७१६ सालीं कोलोनजवळ चार्ल्स मार्टेलसारख्या वीराचाही पराभव केला.

संत वुल्फ्राम ह्यांच्या चरित्रांत अशी कथा आहे कीं, बाप्तिस्म्याच्या कुंडांत एक पाय ठेवल्यावर राडबोडनें आपल्या पूर्वजांची गति विचारली. ते नरकांत आहेत असें कळतांच त्यानें पाय मागें घेतला व वाडवडिलांची संगत पत्करिली. कथेंतील काळ जुळत नाहीं, म्हणून इतिहासकार तिजवर विश्वास ठेवीत नाहींत. प्रश्न मात्र खरा आहे. प्रौढांस बाप्तिस्मा देतांना तो आम्हांसही ऐकावा लागला आहे. उपदेशकानें इतक्या घाईनें निकाल द्यावयास नको होता, असें आम्हांस वाटतें. आपला दोष नसतां ज्यांस सुवार्ता कळली नाहीं, पण जे अंतःकरणपूर्वक देवाचा शोध करितात, त्यांसही तारण मिळूं शकतें, हें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६४ सालीं स्पष्ट सांगितलें.

राडबोड ७१९ सालीं वारला. विलिब्रॉर्ड उट्रेख्टला परतले, आणि तीन वर्षें संत बॉनिफेस त्यांच्या हाताखालीं मोडलेलीं देवळें उभारण्यास झटले.